कोयनेची ओल आणि गाडीचा पत्रा

कराड ते कोयनानगर हे अंतर साठ किलोमीटरच्या आत आहे, पण पावसाच्या हिशेबात ते दोन वेगळे मुलूख आहेत. कराडला वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोयनानगरला सरासरी पाच हजारांच्या घरात पडतो आणि पलीकडच्या नवजाला बहुतेक वर्षी त्याहूनही जास्त. माण-खटावच्या कोरड्या हवेत पंधरा-वीस वर्षं खणखणीत राहिलेली जीप या खोऱ्यात आली की थोड्याच पावसाळ्यांत तिच्या दारांचे तळ पोखरले जाऊ लागतात. त्यामुळे इथे जुनी गाडी घेणारा जाणता माणूस इंजिन ऐकण्याआधी वाकून फुटबोर्डाखाली हात फिरवतो.

गंजावर उपाय सांगणाऱ्यांची इथे वाण नाही. कुणी म्हणतो खालून जळकं ऑइल मारा, कुणी अंडरकोटिंगचा आग्रह धरतो, कुणाचा रेड ऑक्साईडवर जीव. 'आताच्या गाड्यांचा पत्राच पातळ, त्याला कोण काय करणार' असं म्हणून हात झटकणारेही आहेत. यातल्या प्रत्येक म्हणण्यात थोडं तथ्य आहे आणि थोडी फसगत. ती सगळी एकदा शेजारी शेजारी ठेवून बघायला हवीत. माझं मत आधीच सांगून टाकतो: आपल्याकडे रंगाच्या डब्यावर जेवढी चर्चा होते, त्याच्या चौथ्या हिश्श्यानंही रंगाआधीच्या खरवडण्या-पुसण्या-सुकवण्यावर होत नाही, आणि गाड्या सडतात त्या त्यामुळेच.

पाऊस जास्त म्हणून गंज जास्त, हा पहिला समज. तो अर्धवट आहे. धो-धो कोसळणारा पाऊस गाडी धुऊन काढतो. चिखल, धूळ, पक्ष्यांची घाण, सगळं घेऊन जातो. खरी पंचाईत करते ती झड. आठ-आठ दिवस ऊन नाही, आभाळ भरून आलेलं, भिंतींना बुरशी, कपडे वाळत नाहीत, आणि गाडीच्या सांदीकोपऱ्यातलं पाणीही वाळत नाही. इंग्लंडचे व्हर्नन यांनी शंभरेक वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं की हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास एक उंबरठा ओलांडते, तिथून लोखंडाचा गंज एकदम वेग घेतो. हवेच्या गंजकारकतेचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरणही पाऊस किती मिलिमीटर पडला याच्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, धातू किती तास ओला राहिला हे विचारतं. आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असलेले तास त्यात मोजतात. कोयनेत जून ते सप्टेंबरमधले बहुतेक तास या खात्यात जमा होतात.

आता एक साधं गणित. कारखान्यांचा धूर नाही, समुद्र अगदी जवळ नाही, अशा मध्यम गंजकारक हवेत उघडं पोलाद पहिल्या वर्षी साधारण २५ ते ५० मायक्रॉन झिजतं. आजच्या मोटारीच्या दाराचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे सातशे मायक्रॉन धरा. अगदी ५० च्या वेगानं सगळीकडे सारखी झीज झाली, तरी रंगाचा थेंब न लावलेला पत्राही चौदा वर्षं निघावा. मग रंगवलेल्या, चकचकीत दाराला पाच-सहा वर्षांत भोक कसं पडतं?

याचं उत्तर केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात एका थेंबात दाखवलं. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा. त्या पाण्यात रंग बदलून खूण देणारी दोन रसायनं आधीच मिसळलेली असतात. थोड्या वेळानं थेंबाच्या कडेला गुलाबी झाक येते आणि मधोमध निळा डाग उमटतो. निळा डाग म्हणजे लोखंड विरघळत असल्याची खूण. कडेला हवेतला ऑक्सिजन भरपूर मिळतो, मध्यभागी कमी पोचतो, आणि या फरकामुळे त्या एवढ्याशा थेंबात विजेचा घट तयार होतो. गंमत अशी की ऑक्सिजन जिथे कमी, तिथलंच लोखंड खाल्लं जातं. तांबूस गंज मात्र दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात साचतो, म्हणून डोळ्याला दिसतो तो गंज आणि प्रत्यक्ष पडणारा खड्डा यांच्या जागा वेगळ्या असतात.

हा थेंब समजला की गाडीचं सगळं समजतं. मडगार्डच्या आतल्या ओठावर साचलेला लाल चिखल, फ्लोअरवरच्या रबरी मॅटखालचा ओला गालिचा, दाराच्या तळाशी दुमडलेल्या पत्र्याची घडी, बॉनेटमागच्या जाळीत कुजलेला पाचोळा, फुगलेल्या रंगाखालची पोकळी: या सगळ्या जागा म्हणजे थेंबाचा मधला भाग. ऑक्सिजन कमी, ओल कायम. उघड्या पत्र्याला चौदा वर्षं लागली असती, ते काम तिथे चार-पाच वर्षांत उरकतं. शिवाय गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्यामुळे तो आतून रंगाला ढकलतो, फुगा येतो, फुग्याला चीर पडते आणि आणखी पाणी आत जातं. बाहेर फुगा दिसला, तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं.

'पातळ पत्रा' या तक्रारीकडे आता येऊ. जुन्या महिंद्रा जीपचा पत्रा आजच्यापेक्षा जाड होता, हे खरं. पण तो नुसता पोलादी पत्रा होता, आणि त्यावरचा रंग फवारलेला. फवारा पोचेल तिथे रंग, न पोचेल तिथे काहीच नाही. सातारकरांना आठवत असेल ती प्रिया स्कूटर. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून १९७५ मध्ये उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातल्या कारखान्यात ती तयार व्हायची. तिला वेगळी नळ्यांची चौकट नव्हती. दाबून घडवलेला पत्रा हाच तिचा सांगाडा. त्यामुळे पायाखालच्या रबराखाली पाणी साचून पत्रा सडला की प्रश्न दिसण्याचा राहत नसे, थेट गाडीच्या मजबुतीचा होई. मुंबईच्या प्रीमिअर पद्मिनीचंही दुखणं असंच, दारांच्या तळाचं आणि उंबरठ्याच्या पोकळ पट्टीचं. जाड पत्र्यानं या गाड्यांना थोडी मुदत मिळवून दिली, एवढंच.

नव्या गाडीचा पत्रा पातळ असला तरी त्याच्या अंगावरचे कपडे वेगळे आहेत. बऱ्याच गाड्यांच्या बाहेरच्या पत्र्यावर मुळातच जस्ताचा मुलामा असतो. वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याचं पेटंट फ्रान्सच्या सोरेल यांनी १८३७ मध्ये घेतलं; मोटारीच्या पत्र्यावर ते सर्रास यायला दीड शतक लागलं. जस्ताची खुबी अशी की ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं, तरी आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं. कारखान्यात गाडीचा सांगाडा आधी तेलमुक्त करतात, मग फॉस्फेटच्या द्रावणात घालतात. लोखंडावर फॉस्फेटचा थर चढवण्याची ही युक्ती इंग्लंडच्या कॉसलेट यांची, १९०६ सालची. त्यानं पत्र्यावर सूक्ष्म स्फटिकांची खरखरीत साय धरते आणि पुढचा थर तिला घट्ट पकडतो. त्यानंतर अख्खा सांगाडा पातळ रंगाच्या हौदात बुडवून त्यातून वीज सोडतात. रंगाचे कण विजेच्या ओढीनं घडीघडीत, फटीफटीत जाऊन बसतात, आणि सांगाडा भट्टीत साधारण १६० ते १८० अंशांवर भाजून निघतो. फोर्डच्या कारखान्यात जॉर्ज ब्रूअर यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत रुळवली; १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिची सुधारित, कॅथोडिक आवृत्ती आली आणि तीच आता जगभर चालते. हा थर जेमतेम वीस मायक्रॉनचा. त्यावरचा सरफेसर, रंग, चमक देणारा लॅकर असं सगळं मिळूनही जाडी शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या पुढे सहसा जात नाही. गाडीला गंजापासून वाचवण्याचं मुख्य काम मात्र खालचे तीन थरच करतात. वरचा रंग बहुतांशी नजरेसाठी आणि उन्हासाठी.

म्हणून पहिल्या धडकेपर्यंत नवी गाडी जुनीपेक्षा सरस. धडक बसली, डेंटिंगवाल्यानं पत्रा ठोकून सरळ केला, ग्राइंडर फिरवला, की जस्त, फॉस्फेट आणि भाजलेला थर तिन्ही गेले. पाटणच्या, कराडच्या, किंबहुना पुण्याच्याही कुठल्याच गॅरेजात तो हौद नाही. तिथून पुढे ती जागा पुन्हा १९७५ सालात जाते, आणि ती किती टिकेल हे पेंटरच्या हातावर ठरतं.

त्या हाताचं काम जवळून बघण्यासारखं आहे. समजा वडापच्या, म्हणजे प्रवासी वाहतुकीच्या, जीपचा मागचा फुटबोर्ड सडला आहे. शहाणा पेंटर आधी जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन फुग्याच्या भोवतीनं टोचत जातो. जिथे टोक आत शिरतं, तो पत्रा मेला. तो कापून नवा जोडायचा, त्यावर लांबी भरून वेळ मारून न्यायची नाही. टोक शिरत नाही पण पोपडे निघतात, तिथे वायर ब्रश आणि मग खरखरीत पॉलिश पेपर. घासणं कुठे थांबवायचं, हा खरा कसोटीचा भाग. तांबूस दिसणं गेलं की बहुतेक जण थांबतात. पण खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके उरतात; ते गंजाचेच, आणि त्यांत क्षार दबलेले असतात. ते तसेच ठेवून वर कितीही महागडा प्रायमर मारला, तरी पुढच्या आषाढात तिथे फुगा ठरलेला. वायर ब्रश तर अनेकदा गंज काढत नाही, नुसता चकाकवतो. म्हणून चांगल्या कामात वाळूचा मारा, निदान त्या एका भागापुरता तरी, करून घेतात. मोठ्या पोलादी बांधकामांत यासाठी ठरलेल्या श्रेणी आहेत आणि पत्रा किती 'पांढरा' दिसायला हवा हे छायाचित्राशी ताडून बघतात. कोयना धरणाच्या सहा वक्र दरवाजांसारख्या कामांसाठी तर भारतीय मानक ब्युरोची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि त्यांतही रंगाआधी पृष्ठभागाची तयारी येते. धरणाचा दरवाजा आणि जीपचा दरवाजा यांत रसायनशास्त्राला काही फरक दिसत नाही.

घासून झालं की जुन्या रंगाची कडा उतरती करायची. बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. मग थिनरनं पुसणं. त्यातही एक मेख आहे. एकाच फडक्यानं पुसत राहिलं तर तेल निघत नाही, पसरतं. एक फडकं ओलं, दुसरं कोरडं, आणि दोन्ही वारंवार बदलायची. यानंतर त्या जागेला उघडा हात लावायचा नाही, कारण घामात मीठ असतं. उघड्या पत्र्यावर रात्रीत उमटलेले बोटांचे तांबूस ठसे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे पटवावं लागत नाही.

आणि मग घाई. कोयनेच्या हवेत घासलेला पत्रा दुपारपर्यंतही कोरा राहत नाही. रंगकामाचा जगभर मान्य असलेला दंडक असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंशांनी जास्त हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. जुलैत इथे ही अट पूर्ण होणारे तास शोधावे लागतील. म्हणजे झड लागलेली असताना उघड्या शेडमध्ये केलेलं रंगकाम हे काम नव्हे. ओलीवर घातलेलं झाकण आहे. नाइलाजच असेल तर बंद खोली, हॅलोजनचे दिवे आणि पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत धीर, एवढं तरी हवं.

प्रायमरच्या बाबतीत आपल्याकडे सवयीचं राज्य आहे. जुन्या काळी पूल, जहाजं, रेल्वेचे डबे यांना जो तांबडा-नारिंगी हात मारत, तो जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर असे. देवाला लावतात तोच, शिशाचा. तेलाशी त्याची क्रिया होऊन जे साबणासारखे क्षार तयार होतात, ते लोखंडाला खरोखर गंजू देत नाहीत. अर्धवट साफ केलेल्या पत्र्यावरही तो चालून जाई. पण शिसं विषारी. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएमची मर्यादा घातली, आणि वाहनांच्या कामातूनही शेंदूर मागे पडला. त्याच्या जागी आला रेड ऑक्साईड. रंग मिळताजुळता, गुण मात्र वेगळा. रेड ऑक्साईड हे लोखंडाचंच ऑक्साईड. ते गंजाला रोखण्याची कुठलीही रासायनिक करामत करत नाही, फक्त भिंत म्हणून उभं राहतं. स्वच्छ पत्र्यावर दोन हात मारले आणि वर रंग चढवला तर ट्रॉलीला, फाटकाला ठीक. पण 'रेड ऑक्साईड मारलाय, आता चिंता नाही' हा विश्वास शेंदराच्या पुण्याईवर चालला आहे.

मोटारीसाठी आज समंजस निवड म्हणजे दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, हार्डनर मिसळून वापरायचा. तो पाण्याला सहज वाट देत नाही आणि उघड्या पत्र्याला घट्ट धरतो. झिंक फॉस्फेट असलेला प्रायमर मिळाला तर उत्तम. जस्ताची भुकटी ठासून भरलेला प्रायमर चॅसिसला चांगला, पण तो पांढऱ्या-साफ लोखंडावरच काम करतो; गंजावर मारला तर पैसे पाण्यात. स्वस्तातला एनसी सरफेसर हा घासून गुळगुळीत करण्यासाठी आहे. तो सच्छिद्र असतो. सरफेसर मारून 'रंग दिवाळीत करू' म्हणून पावसाळाभर फिरणाऱ्या राखाडी जीप या रस्त्यावर दिसतात, त्या त्या थराखाली रोज गंजत असतात. लांबीचंही तेच. पॉलिस्टर लांबीतली शंखजिऱ्याची भुकटी टीपकागदासारखी पाणी शोषते. म्हणून आधी इपॉक्सी, मग लांबी, मग पुन्हा प्रायमर, हा क्रम मला योग्य वाटतो. काही जुने कारागीर लांबी थेट खरखरीत पत्र्यावरच चांगली धरते असं म्हणतात. कोरड्या मुलखात त्यांचं चालतही असेल. नव्या जी. आय., म्हणजे जस्त चढवलेल्या, पत्र्यावर मात्र साधा ऑइल पेंट थेट मारू नये. जस्त आणि तेलाची क्रिया होऊन रंग सालीसारखा निघतो. त्याला आधी एच प्रायमर लागतो.

हे करणाऱ्या माणसाचाही विचार व्हावा. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटनं कायमचा दमा जडू शकतो, आणि वाळूच्या माऱ्यातली सिलिकाची धूळ फुप्फुसं निकामी करते. तोंडाला रुमाल बांधणं हा त्यावर इलाज नाही. कार्ट्रिजवाला मास्क लागतो. गिऱ्हाइकानं घासाघीस करताना मास्कचे पैसे कापू नयेत.

आता गाडीच्या पोटाखाली. सर्वांत जुना उपाय जळक्या ऑइलचा. तो अगदीच निराधार नाही: तेल फटीत झिरपतं, पाणी हटवतं. पण ते टिकत नाही, रबरी बुश फुगवतं, ब्रेकवर गेलं तर घात, आणि धूळ चिकटवून ठेवतं. शिवाय ते थेंबथेंब ओघळून जातं कुठे? कोयना अभयारण्य १९८५ पासूनचं, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग, आणि बरेच ओढे कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाला मिळणारे. वापरलेलं ऑइल कायद्यानं घातक कचऱ्यात मोडतं. गॅरेजांनी हे बंद करावं असं माझं स्पष्ट मत आहे. पोकळ भागांत मेणाचा फवारा मारला तर तेलाचा झिरपण्याचा गुण मिळतो आणि बाकीचे तोटे टळतात. दारांच्या आत, उंबरठ्याच्या पट्टीत, मागच्या डिकीच्या कडांत हा मेणाचा फवारा मारणं हे कोयनेसारख्या ठिकाणी सर्वांत स्वस्तात पडणारं, आणि सर्वांत कमी लोक करून घेत असलेलं काम आहे.

डांबरी किंवा रबरी अंडरकोटिंगबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात आणि दोन्ही अनुभवातली आहेत. नव्याकोऱ्या, कोरड्या गाडीला नीट मारलेलं कोटिंग खडीच्या माऱ्यापासून वाचवतं. जुन्या गाडीला, नुसतं पाणी मारून धुतल्यावर तासाभरात मारलेलं कोटिंग ओल आणि चिखल आत कोंडतं. ते पुढे तडकतं, तड्यांतून पाणी आत जातं, बाहेर येत नाही, आणि वरून सगळं काळंभोर छान दिसत राहतं. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीला पोट पूर्ण खरवडल्याशिवाय हे करून घेऊ नये. पाणी निघून जाण्याची भोकं कोटिंगनं बुजवली नाहीत ना, हेही बघावं. सिरॅमिक आणि टेफ्लॉन कोटिंगचा गंजाशी फारसा संबंध नाही. ती चकाकीची कामं. विजेच्या सूक्ष्म प्रवाहानं गंज थांबवतो म्हणणारी डबी गाडीला जोडायला देतात, तीही नको. जहाज सतत पाण्यात असतं म्हणून तो प्रकार तिथे चालतो, हवेत उभ्या गाडीला ते पाणी कुठून मिळणार? अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानं १९९० च्या दशकातच अशा एका उपकरणाच्या विक्रेत्यावर कारवाई केली होती.

गंज न काढता 'बदलून' टाकणारी द्रावणं मात्र थोड्या आदरानं बघण्यासारखी आहेत. त्यांत फॉस्फोरिक आम्ल असतं किंवा टॅनिन. टॅनिन गंजाशी मिळून काळं, स्थिर संयुग बनवतं. कोयनेच्या रानातला हिरडा याच टॅनिनसाठी कातडी कमावायला जात असे, आणि हिराकस घालून त्याचीच काळी शाई करत. म्हणजे ज्या झाडाखाली जीप उभी आहे, त्याच्याच फळातलं द्रव्य बाटलीत भरून परत येतं. पण या बाटलीची मर्यादा ओळखावी. पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर, जिथे ग्राइंडर पोचत नाही तिथे, ती उपयोगी. पोपडे धरलेल्या जाड गंजावर ती वरचा थर तेवढा काळा करते.

या रस्त्यावरच्या काही गाड्यांची दुखणी खास आहेत. कुंभार्ली घाट चढून कोकणातली मासळी कराड-सांगलीकडे नेणाऱ्या टेम्पोंतून बर्फाचं खारट पाणी सारखं ठिबकत असतं. समुद्राची खारी हवा घाटमाथ्यापर्यंत येईतो विरळ होते, पण हे टेम्पो समुद्र सोबत घेऊनच फिरतात. त्यांचा चॅसिस मागच्या बाजूनं आधी जातो. त्यांना रोज गोड्या पाण्यानं खालून धुणं हाच इलाज. उसाच्या ट्रॉल्यांना आंबट रसाचा आणि खतांच्या गोण्यांमधून सांडणाऱ्या क्षारांचा मार बसतो. हंगाम संपला की धुऊन, सुकवून एक हात मारणं तिथे पुरतं, कारण पत्रा जाड असतो.

एसटीची गोष्ट वेगळ्या वळणाची. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली बस धावली तेव्हा तिची बॉडी लाकडी होती. पुढे अनेक दशकं लालपरी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची राहिली. ॲल्युमिनियम तांबडं गंजत नाही, पण पोलादी चौकटीला रिव्हेटनं जोडलं आणि मध्ये पाणी गेलं की दोन धातूंचा घट तयार होऊन ॲल्युमिनियमच पांढऱ्या भुकटीत झिजतं. २०१८ च्या सुमारास महामंडळानं अपघातात जास्त तग धरते म्हणून पोलादी बॉडी बांधायला सुरुवात केली. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत हे काम झालं. प्रवाशाच्या दृष्टीनं निर्णय बरोबरच. पण पोलाद आलं की त्यासोबत रंगाची शिस्तही यायला हवी. चिपळूण, पाटण, महाबळेश्वरकडे जाणाऱ्या गाड्यांना आणि माणदेशात फिरणाऱ्या गाड्यांना देखभालीचं एकच वेळापत्रक लावणं शहाणपणाचं नाही.

शेवटचा धोका बाजारातला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊन, रंगवून जुन्या बाजारात येऊ शकते. पुराचं पाणी गाळासकट पोकळ्यांत शिरतं आणि बाहेरच्या रंगाला न दुखवता आतून काम सुरू करतं. अशी गाडी ओळखायला रंग बघू नका. सीटबेल्ट पूर्ण ओढून शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ आहे का बघा. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीखालचा खड्डा, गालिच्याखालचा पत्रा बघा. नव्या गालिच्याची जुनी गाडी दिसली तर दोनदा विचार करा.

कोयनेच्या खोऱ्यात गाडी ठेवणाऱ्यानं वर्षाची आखणी अशी करावी. दसऱ्याच्या तोंडावर, खंडेनवमीची पूजा करताना गाडी धुतो आपण. ती फक्त वरून न धुता चारही चाकांच्या कमानी आतून आणि पोट खालून धुवावं, मॅट-गालिचे काढून उन्हात टाकावेत. दारांच्या तळाशी बारीक भोकं असतात, ती तारेनं मोकळी करावीत. हिवाळ्यात फुगे शोधावेत. मार्च-एप्रिलमध्ये, हवा कोरडी असताना, घासणं आणि प्रायमर-रंग उरकावा, मेच्या मध्यापर्यंत पोकळ्यांत मेण मारून घ्यावं. मृग लागल्यावर पेंटरकडे गाडी नेली तर तोही नाही म्हणत नाही, धंदा आहे त्याचा. पण ते काम करून घेऊ नये. पावसाळ्यात ओरखडा पडलाच तर पुसून, सुकवून तात्पुरतं मेण किंवा ग्रीस लावून ठेवावं आणि उघडीप कायमची होईपर्यंत थांबावं.

आणि पेंटरशी दर ठरवताना रंगाची छटा शेवटी बोला. आधी हे विचारा: गंज कशानं काढणार, प्रायमर कोणता, लांबीच्या आधी मारणार की नंतर, आणि उघडा पत्रा किती वेळ तसाच राहणार. घासून झालेला पत्रा प्रायमरआधी स्वतः जाऊन बघा, मोबाइलवर फोटो काढा आणि प्रायमरचं नाव बिलावर लिहून घ्या.